माझं नाक आणि निवासचं रक्त

“वाच,” अण्णा म्हणाला आणि त्याने लिफाफा माझ्या परातीत टाकला. परातीत ज्वारीचं पीठ होतं.

“अण्णा, माणसं जेवायला बसलीत. त्या पिठाच्या भाकरी व्हायच्यात अजून.”

“आधी वाच, शाले. मग थाप भाकरी.”

मी पिठाच्या हातानेच लिफाफा उघडला. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमची खानावळ होती, आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रिपोर्ट. मी नववी नापास, पण ताटं वाढता वाढता रिपोर्ट वाचायला शिकले होते, तेही जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून. साखरेचा रिपोर्ट असला की माणूस भात परत करतो आणि गुपचूप गूळ मागतो. किडनीचा असला की लोणच्याकडे बघतो आणि उसासा टाकतो. आणि लिव्हरचा असला, त्यात पहिला आकडा म्हणजे एसजीओटी दुसऱ्याच्या, एसजीपीटीच्या, दुपटीने मोठा असला, की पेशंटची बायको जेवतच नाही. नुसतं ताक घेते. त्या दुपटीचा अर्थ आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होता. बाटली.

रिपोर्ट निवासचा होता, काल लॅबच्या माणसाने घरी येऊन घेतलेल्या रक्ताचा. एसजीओटी चारशे बारा. चाळीसच्या आतबाहेर असायला हवी. एसजीपीटी एकशे तीस.

मी ताकाच्या पातेल्याकडे बघितलं.

निवास म्हणजे माझा नवरा. लिहिताना मी त्याला असा नावाने आणि अरेतुरेत घेते, कागद काही उलट बोलत नाही म्हणून. तोंडावर अजून ‘अहो’च. आणि अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, विलास. दोन अ‍ॅम्ब्युलन्सचा मालक, गल्लीतल्या प्रत्येक भांडणातला पंच, शर्टाच्या खिशात कायम बडीशेपेची डबी. त्या दोनातली एक गाडी निवास चालवायचा. चांगली चालवायचा, प्यायला लागेपर्यंत. मग एके दिवशी दवाखान्याच्या दारात मागे पेशंट झोपलेला आणि पुढे स्टिअरिंगवर हाही झोपलेला सापडला. गाडी उभी होती म्हणून निभावलं. अण्णाने तिथेच किल्ली काढून घेतली.

“दोन वर्षं कोरडा राहा,” तो म्हणाला होता. “मग किल्ली तुझी. पण तुझ्या शब्दावर नाही, निवास. रक्तावर.”

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी निवास रक्त देत होता आणि अण्णा स्वतः जाऊन रिपोर्ट आणत होता. सगळे रिपोर्ट चांगले निघाले. हा शेवटचा होता. या रिपोर्टवर किल्ली मिळायची होती, आणि तोपर्यंत माझा नवरा माझ्याच खानावळीत कांदे चिरत होता. कांदे चिरण्यात काही वाईट नाही. पण रस्त्यावरून सायरन गेला की त्याची सुरी थांबायची, ते मला बघवायचं नाही.

अण्णाचा विश्वास रक्तावर, माझा माझ्या नाकावर. रोज संध्याकाळी निवास बाहेरून आला की गल्ल्यावर वाकायचा आणि माझ्या तोंडासमोर “हा” करायचा. ट्रॅफिक पोलीस परवडले. अठरा वर्षांच्या संसारात माझं नाक असं तयार झालं होतं की देशी, विदेशी, वरून चघळलेली वेलची, वेलचीवर खाल्लेला कांदा, सगळं थरांसकट कळायचं. दोन वर्षांत त्या ‘हा’मध्ये मला चहा, तंबाखू आणि एकदा चोरून खाल्लेला माझाच बेसनाचा लाडू, एवढंच सापडलं होतं.

“अण्णा, हे चुकलंय काहीतरी,” मी म्हटलं.

“मशीन चुकतं?”

“माझं नाक चुकत नाही. काल संध्याकाळी वास घेतलाय मी.”

“तुझं नाक.” अण्णाने डबी काढून बडीशेप तोंडात टाकली. “नाकावर गाडीची किल्ली देऊ? पोलिसांना काय सांगू, बहिणीने हुंगलंय म्हणून?”

“अरे, पण ते प्यायला जातील कसे? परवा रविवारी दिवसभर मी त्यांच्यासोबत सांगलीत मैदानावर होते. कालपासून त्यांना खाली बसता येईना. सकाळी मोरीत बसले तर मला हाक मारून उठवायला लागलं. गुत्त्यापर्यंत जायला पाय नकोत?”

“मागवली असेल.”

“आणि मी काय करत होते?”

“भाकरी थापत होतीस.”

रविवारचं सांगायला हवं. दारू सोडल्यावर निवासची संध्याकाळ मोकळी पडली. सात वाजले की पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. म्हणून त्याने मुद्दाम उलट्या दिशेला चालायला सुरुवात केली. त्या दिशेला कॉलेजचं मैदान होतं, आणि मैदानावर उपाध्ये सर होते. सर निवृत्त मास्तर. सत्तरीला आलेले, अंगाने तंबोऱ्याच्या दांडीसारखे, आणि रोज पळायचे. त्यांनी निवासला एकच विचारलं होतं, “चालतोस तर पळत का नाहीस?” याला उत्तर सुचलं नाही, म्हणून तो पळायला लागला. पुढे सवय वाढत गेली, आणि त्या रविवारी दोघेही सांगलीत एका शर्यतीत उतरले होते. शर्यत म्हणजे काय, तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एका मैदानाला फेऱ्या मारायच्या. कुठे पोचायचं नाही, कुणाला गाठायचं नाही. मी कडेला टेबल मांडून बसले होते. उकडलेले बटाटे, मिठाचं लिंबूपाणी, भाकरीचे तुकडे. सर जैन असल्यामुळे बटाट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, त्यांची केळी वेगळी. दुपारनंतर दोघांचं बोलणं संपलं, संध्याकाळपर्यंत तोंडावरचे भावही संपले. पण मावळतीला दोघेही पायांवर उभे होते. दोन वर्षांत निवासला एवढा खूश मी बघितला नव्हता. आणि सोमवार उजाडला तसा त्याला एक पायरी धड उतरता येईना.

तेवढ्यात माडीवरून निवासची पाठ खाली येताना दिसली. आमचं घर वरच होतं. मांड्या एवढ्या धरल्या होत्या की जिना तो उलटा उतरत होता, कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत.

“तोंड दाखवायची लाज वाटते होय?” अण्णा म्हणाला.

“तोंडाचं काही नाही, अण्णा. गुडघे पुढे होत नाहीत.” निवास शेवटच्या पायरीवर वळला. माझ्या हातातला कागद त्याला दिसला.

“घेतलीस का?” अण्णाने विचारलं. जेवणाऱ्यांचे घास थांबले. आमच्या खानावळीत रिपोर्टवरून गप्प होणं ही रीतच होती.

“नाही.”

“मग हे काय आहे?”

निवासने कागद वाचला, परत माझ्या हातात दिला. “मला काय माहीत,” एवढंच म्हणाला. पूर्वी प्यायचा तेव्हा तो पोथी वाचल्यासारखा बोलायचा. आईची शपथ, पोरीची शपथ, खंडोबाची शपथ. आता एकही शपथ नाही. ते मला आवडलं, आणि त्याच वेळी खटकलंही.

“संपलं,” अण्णा म्हणाला. “किल्ली विसर.”

“काय संपलं, विलास?”

दारात उपाध्ये सर उभे होते. हातात तेलाची बाटली. तेही दाराच्या चौकटीला धरून आत आले, कारण उंबरा ओलांडायला त्यांना एक पाय हाताने उचलायला लागला. सरांनी अण्णाला चौथीत शिकवलं होतं, आणि बहुतेक छडीनेच. पंचावन्न वर्षांचा माझा भाऊ बाकावरून उठून उभा राहिला.

“नमस्कार सर. बसा.”

“बसत नाही. बसलो तर उठवायला माणसं लागतील. शालन, हे तेल निवासच्या मांड्यांना लाव. काय झालंय?”

मी कागद पुढे केला. सरांनी चष्मा लावून सगळा वाचला, वरचं लॅबचं नावसुद्धा. “मला यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हे वाक्य गावात पहिल्यांदाच कुणी ऐकलं असेल. “पण रविवारी हा माझ्या शेजारी होता. सोमवारी मीच अंथरुणातून उठलो नाही, तर हा कुठे जाणार?”

“सर, रक्त खोटं बोलत नाही,” अण्णा म्हणाला.

“मग माझ्याही रक्ताला विचारू.”

“तुमचं?”

“मी मद्य, मांस, मध, तिन्ही सोडलेला माणूस. खोकल्याला मधाचं चाटण घेत नाही, तर दारू कुठून घेणार? माझा रिपोर्ट चांगला आला तर निवास प्यायलाय, मी स्वतः त्याचा कान धरीन. वाईट आला तर पळण्याचा दोष. आणि तिसरा तू.”

“मी कशाला?”

“पळालास का रविवारी?”

“नाही.”

“म्हणूनच. शाळेत कुंड्यांचा प्रयोग केला होता ना आपण? दोन कुंड्यांना पाणी, एकीला नाही. न पळालेला, सभ्य, निर्व्यसनी माणूस हवा तुलना करायला. दुसरा कुठे शोधू?”

अण्णाने मान डोलावली. ‘सभ्य, निर्व्यसनी’ म्हटल्यावर नाही कसं म्हणणार.

आणि इथे निवास बोलला. “सर, अण्णांचं राहू दे. आपलं दोघांचं बघू.”

“का? घाबरलास?” अण्णा म्हणाला.

“घाबरायचं काय त्यात. उगाच तुम्हाला सुई कशाला.”

“टोचू दे सुई. सकाळी लॅबमध्ये ये तू, सरांना घेऊन.” अण्णाने जाता जाता परातीतला रिकामा लिफाफा उचलला, पीठ झटकलं आणि घडी करून खिशात ठेवला, बडीशेपेच्या डबीशेजारी.

त्या संध्याकाळी निवास गल्ल्यावर वाकला. “हा.”

चहा. तेलाचा वास. बाकी काही नाही.

“अण्णाचं रक्त नको, असं का म्हणालात?”

“सहज. अण्णांना सुईची भीती वाटते.”

माझा भाऊ दर शिवजयंतीला रक्तदान करतो आणि तो करताना फोटो काढून घेतो. तो फोटो खानावळीतच लावलेला होता, निवासच्या डोक्यावर. मी फोटोकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. नाक म्हणत होतं, प्यायला नाही. पण हा माणूस माझ्याशी खोटं बोलत होता, तेही कळत होतं, आणि त्याला नाक लागत नाही. प्रयोग नको असं कोण म्हणतं? ज्याला उत्तर ठाऊक असतं तो.

“उद्या मीही येते लॅबमध्ये,” मी म्हटलं.

“तू कशाला? डबे कोण करणार?”

“डबे खड्ड्यात गेले.”

त्या रात्री मी ताक पिऊनच झोपले.

सकाळी तिघांनी रक्त दिलं. रिपोर्ट दुपारनंतर मिळणार होते. लॅबच्या बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो होतो. सर आणि निवास पाय लांब करून, अण्णा पाय हलवत, मी रुमालाच्या गाठी मारत आणि सोडत. काउंटरवरच्या माणसाने एकदा सरांकडे बघितलं, मग कागदाकडे, मग परत सरांकडे, आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही आधी मॅडमना भेटा. आत.”

“आम्ही सगळेच येतो,” सर म्हणाले. “प्रयोग एकत्र आहे.”

लॅबच्या डॉक्टर म्हणजे शहनाज बागवान मॅडम. आमच्याकडे कधीमधी पिठलं मागवायच्या, त्यामुळे चेहऱ्याने ओळख. त्यांनी सरांचा कागद समोर घेतला आणि आवाज मऊ केला.

“सर, घरी कुणाला सांगणार नाही मी. रोज किती घेता?”

“काय किती?”

“दारू.”

सरांच्या तोंडाचा रंग बदलला. मी चौथीत असते तर बाकाखाली गेले असते. “बाई, मी मधसुद्धा खात नाही.”

“एसजीओटी पाचशे अडतीस आहे. कावीळ वगैरे झाली होती का?”

“पाचशे अडतीस?” अण्णा म्हणाला. “निवासपेक्षा जास्त?”

मला हसू फुटलं. वेळ हसण्याची नव्हती, म्हणून पदर तोंडात धरला. सरांनी माझ्याकडे, मग अण्णाकडे बघितलं. त्यांचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमान आला. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “एक मिनिट. तुम्ही दोघे एकमेकांच्या ओळखीचे? दोघेही असे लंगडताय. रविवारी काय केलंत?”

“पळालो,” निवास म्हणाला.

“किती?”

“सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत,” सर म्हणाले. “मध्ये केळी खायला थांबलो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकून मोकळ्या हसल्या. “अहो, मग आधी सांगायचं ना. सुई टोचण्याआधी.”

“कुणी विचारलं नाही,” निवास म्हणाला.

“ऐका. एसजीओटी लिव्हरमध्ये असते तशी स्नायूंमध्येही असते. एसजीपीटीसुद्धा थोडी असते. इतकं पळालं की मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे पडतात आणि आतलं सगळं रक्तात सांडतं. वरवर बघणाऱ्याला वाटतं दारूच. आज तिघांच्याही रक्ताच्या आणखी दोन तपासण्या आहेत; मघाशी मी फक्त पहिला आकडा बघून विचारलं. सीपीके म्हणून एक असते, ती स्नायूंची. तुमची दोघांची हजारांत गेलीय. आणि जीजीटी म्हणून एक असते. ती स्नायूंत नसते, म्हणून पळून वाढत नाही. दारूने वाढते. ती तुमची दोघांची अगदी छान आहे.” त्यांनी दोन्ही कागद उचलून अण्णासमोर धरले. “हे रिपोर्ट लिव्हरचे नाहीत. मांड्यांचे आहेत.”

निवासने माझ्याकडे बघितलंच नाही. तो मॅडमच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत होता. मी त्याच्या हाताला हात लावला, तर बोटं गार होती.

“थोडे दिवस पळणं बंद,” मॅडम म्हणाल्या, “भरपूर पाणी, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, लघवी काळपट झाली तर लगेच यायचं. मग पुन्हा रक्त बघू. आकडे खाली आलेले असतील.” मग त्यांनी तिसरा कागद ओढला. “आणि हे कोण? हेही पळाले का?”

“नाही,” अण्णा म्हणाला. “मी नुसता तुलनेसाठी. निर्व्यसनी.”

मॅडम कागद वाचत राहिल्या. जरा जास्तच वेळ. “हं. यात पहिले दोन आकडे तसे घाबरवणारे नाहीत. पण मघाशी म्हटलं ना, जी पळून वाढत नाही...”

“मॅडम,” निवास उठला. उठता उठता टेबलाला धरावं लागलं, तरी उठला. “हा कागद तेवढा त्यांच्याशी एकटं बोला. आम्ही बाहेर थांबतो. चला सर. शालन, चल.”

सरांच्या कोपराला धरून तो बाहेर निघाला. दोघे दुखऱ्या पायांनी, उंबऱ्यावर थांबत. मी दार ओढून घेतलं. घेताना अण्णाचा हात शर्टाच्या खिशाकडे, डबीकडे गेलेला दिसला. तो तिथेच थांबला.

बाकावर बसल्यावर सरांनी हळूच विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“सर, प्यायला एका टेबलावर बसलेल्यांना एकमेकांचं ठाऊक असतं.”

“म्हणून त्याचं रक्त नको म्हणत होतास.”

निवास गुडघे चोळत राहिला.

मी मात्र बसल्या जागी सगळी वर्षं उलटी मोजत होते. बडीशेप. सणावारी जेवायला येताना बडीशेप, रात्री निवासला शिव्या द्यायला यायचा तेव्हा बडीशेप, काल परातीत लिफाफा टाकतानाही बडीशेप. वेलचीखालचा कांदा ओळखणारी मी. माझं नाक एकाच माणसावर शिकलं होतं. दुसऱ्यावर ते कधी लावलंच नव्हतं, आणि अण्णावर तर नाहीच. ज्यांचा वास घ्यायचा त्यातला तो नव्हता, किल्ली काढून घेणाऱ्यांतला होता.

आणि हा माझा नवरा काल खानावळीत सगळ्यांदेखत उभा होता. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. अण्णा, तुम्ही मला कुठल्या तोंडाने विचारता? एवढंच. ते तो बोलला नाही. माझ्याशीही नाही. माझ्याशी सुईचं खोटं बोलला.

“सांगायचं होतं ना मला,” मी म्हटलं.

“तुझा भाऊ आहे, शालन. मी सोडली म्हणजे दुसऱ्याची चव्हाट्यावर आणायचा परवाना मिळतो होय?”

“त्याने तुमची आणली होती.”

“माझी सगळ्या गावाला माहीतच होती. त्यात काय आणायचं.”

दार उघडलं. अण्णा बाहेर आला. कागदाची घडी इतकी बारीक केली होती की मुठीत मावत होती. तो आमच्यासमोर उभा राहिला. सरांनी एकदा वर बघितलं आणि त्याच्याकडे शाळेत कधी बघितलं नसेल इतक्या मायेने म्हणाले, “बस विलास. आज उभं राहायचं काम नाही.”

अण्णा बसला नाही. पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि निवासच्या दुखऱ्या मांडीवर ठेवली.

“ब्रेक जरा उजवीकडे ओढतो,” तो म्हणाला. “डिझेल आहे अर्धी टाकी.”

“ठीक आहे,” निवास म्हणाला. “पाय वाकायला लागले की नेतो.”

अण्णाने मग माझ्याकडे बघितलं. मी ताकाच्या पातेल्यातच बघत असल्यासारखी खाली बघत राहिले. तो पायऱ्या उतरून गेला. सरळ, भराभर. त्याच्या मांड्यांना काहीच झालं नव्हतं.

त्यानंतर पळणं बंद ठेवून निवासने पुन्हा रक्त दिलं, आणि आकडे मॅडमनी सांगितल्याप्रमाणे खाली आले. सरांचे आले तेव्हा त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं, कारण तो जुना पाचशे अडतीसचा कागद त्यांनी टाकला नाही. सरांच्या घरच्या काकू सांगायच्या, ते पुरुषांच्या घोळक्यात अजून तो विषय काढतात. निवास गाडी चालवायला लागला. कांदे पुन्हा माझ्याकडे आले.

मी त्याला ‘हा’ करायला सांगणं सोडून दिलं. तो मात्र करायचाच. गल्ल्यावर वाकायचा, “हा” करायचा आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला जायचा. सवय.

अण्णा बरेच दिवस खानावळीकडे फिरकला नाही. गौरीच्या जेवणालाही निरोप पाठवला, काम आहे म्हणून. मीही बोलवायला गेले नाही. निवास म्हणायचा, “येतील.” मी म्हणायची, “आला तर वाढीन. नाही आला तर डबा पाठवणार नाही.”

मग एका संध्याकाळी दिवे लागले होते, खानावळीत तुरळक माणसं होती, आणि अण्णा आला. शर्टाचा खिसा सपाट होता. डबी नव्हती. तो गल्ल्यापाशी उभा राहिला, घुटमळला, त्या रक्तदानाच्या फोटोकडे बघितलं. तिकडे निवास टेबल पुसत होता, त्याने मुद्दाम पाठ फिरवली आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागला.

माझा थोरला भाऊ गल्ल्यावर वाकला. वय, पोट, मालकी, सगळ्यासकट.

“हा,” तो म्हणाला.

मी नाक पुढे केलं. नीट घेतला वास, थर सोडत सोडत, जसा घ्यायचा तसा. घाईने घेतला असता तर त्याचा अपमान झाला असता.

“चहा,” मी म्हटलं. “आणि सकाळपासून पोटात काही नाही. जा, हात धुऊन ये. वाढते.”